एकसष्ट मार्कांचा गोलकीपर

श्यामकांत मोडकाने आयुष्यात हॉकीची काठी एकदाच हातात धरली होती, आणि तीही न्हाणीघरात शिरलेला विंचू मारायला. विंचू निसटला, काठी मोडली, आणि ती शेजारून मागून आणलेली असल्यामुळे आठ दिवस बोलणी खावी लागली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यात ड्युसेलडॉर्फमधल्या एका यंत्रांच्या कारखान्यात सातशे माणसं अशी होती, जी श्यामकांतला हॉकीतला अधिकारी पुरुष समजत होती.

यात श्यामकांतचा दोष एवढाच, की तो गप्प बसला. त्याच्या खात्याचे फोरमन माइस्टर शेफर छत्तीस साली, ऐन तारुण्यात, बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले होते आणि हॉकीची फायनल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. भारत आठ, जर्मनी एक. त्या दिवसापासून माइस्टरांच्या मनात पक्कं बसलं होतं, की भारतात मूल जन्माला येतं तेच काठी घेऊन. त्यामुळे कारखान्यात ट्रेनिंगला आलेल्या या किरकोळ अंगाच्या इंजिनिअरने पहिल्याच महिन्यात लेथवर दोन शाफ्ट वाकडे कातले, तेव्हा माइस्टर बाकीच्यांना म्हणाले, "असू द्या. याचे हात वेगळ्या कामासाठी घडवलेले आहेत."

आता दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे खुलासा करून मोकळा झाला असता. पण श्यामकांतची परिस्थिती पाहा. तोवर कँटीनमध्ये तो 'ज्याच्या डब्याला वास येतो तो भारतीय' होता. हॉकीची वार्ता पसरल्यावर लोक सरकून त्याला बाकावर जागा देऊ लागले. परदेशात मान मिळायला लागला, की तो नेमका कशाबद्दल मिळतोय याची चौकशी करायला माणसाचा जीव होत नाही. कोणी विचारलं, "साठ साली रोमला तुम्ही पाकिस्तानकडून हरलात कसे?" की श्यामकांत खिडकीबाहेर बघायचा, "आल्झो...", म्हणजे 'तर मग...', एवढंच म्हणायचा आणि सूप प्यायला लागायचा. जखम अजून ओली आहे असं समजून समोरचा विषय बदलायचा.

जानेवारीत जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा स्विस संघाशी मैत्रीचा सामना ड्युसेलडॉर्फच्या बर्फाच्या मैदानावर ठरला. बर्फावरची हॉकी. माइस्टर शेफर कारखान्याच्या मासिकाचं खेळाचं पान चालवत. ते तिकीट घेऊनच आले.

"हेर मोडक, यंदा आपल्या संघाची परीक्षा तुम्ही घ्यायची. एकेका खेळाडूची."

"पण माइस्टर, ही बर्फावरची..."

"हॉकी ती हॉकी. गवताच्या जागी बर्फ, चेंडूच्या जागी चकती. तज्ज्ञाला काय फरक पडतो?"

श्यामकांतला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "या, गेनाऊ," म्हणजे 'हो, अगदी बरोबर'.

इथे त्याच्या घरमालकिणीची ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्या सहीवर अडणार आहे. फ्राऊ क्युपर्स या साठीच्या विधवा बाई. त्यांच्याआधी श्यामकांतने दोन घरमालकिणी पाहिल्या होत्या. पहिलीने फोडणीतल्या हिंगाचा वास आल्याबरोबर गॅस गळतोय म्हणून गॅसकंपनीची माणसं बोलावली. दुसरीने त्याला पोळ्या लाटताना पाहिलं आणि टेबलाला इजा होते असं सांगून महिनाअखेरीस जागा सोडायला लावली. फ्राऊ क्युपर्सनी मात्र हिंगाची डबी हातात घेतली, लांबून हुंगली, आणि निर्णय दिला, "शनिवारी, अकरा ते बारा, खिडकी उघडी ठेवून." बाहेर उणे बारा असताना उघड्या खिडकीशी कानटोपी घालून आमटीला फोडणी देणाऱ्या माणसाचं सुख इतरांना कळायचं नाही.

शिवाय बाईंनी कबूल केलं होतं, की श्यामकांतची बायको आली तर दोघांनी या खोलीत राहायला त्यांची हरकत नाही. सुलेखा पुण्याला होती. लग्नानंतर चार महिन्यांत श्यामकांत इकडे आला त्याला आता दीड वर्ष झालं होतं. बारा मार्चच्या बोटीचं मुंबई ते जिनोव्हा तिकीट काढून ठेवलेलं होतं. व्हिसासाठी एकच कागद राहिला होता. घरमालकिणीने दोघांना राहायला जागा देत असल्याची बेशायनिगुंग, म्हणजे दाखला, सहीनिशी, अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत. तो छापील कागद स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याखाली ठेवलेला होता. "एखाद्या रविवारी चांगल्या पेनाने करते सही," असं बाई म्हणाल्या होत्या. जर्मन माणूस सहीसुद्धा वार बघून करतो.

सामन्याच्या सकाळी फ्राऊ क्युपर्सनी स्वतः थर्मास भरून दिला. त्यांच्या बहिणीचा मुलगा रुडी त्या दिवशी पहिल्यांदाच देशाकडून गोलमध्ये उभा राहणार होता. मूलबाळ नसलेल्या या बाईंनीच त्याला लहानपणी पायात स्केट्स बांधून तळ्यावर नेलेलं. आता सामना बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"तुम्ही बघा त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतं."

मैदान उघडं होतं. दोन स्वेटर, कोट, मफलर आणि वर कानटोपी एवढ्या तयारीनिशी श्यामकांत माइस्टरांच्या शेजारी उभा राहिला, आणि पाच मिनिटांत एक भयंकर गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याला चकती दिसतच नव्हती. लोक ओरडत, माणसं एकमेकांवर आदळत, कुठेतरी ठक्क आवाज होई आणि सगळे दुसऱ्या टोकाला पळत. चकती कोणाकडे आहे हे विचारावं, तर तज्ज्ञाने विचारायचं कोणाला? शेवटी त्याने मनाशी ठरवलं, की जो माणूस एका जागी उभा आहे त्याच्याकडेच बघायचं. असा माणूस एकच होता. पुढचे दीड-दोन तास श्यामकांतने रुडीवरून नजर हलवली नाही. थंडीने डोळ्यांना पाणी आलं तेव्हाही आलटूनपालटून एकेका डोळ्याने तो त्याच्याकडेच बघत राहिला. सामना जर्मनीने चार-तीनने गमावला हे त्याला फलकावरून कळलं.

"बुधवारपर्यंत," परतताना माइस्टर म्हणाले. "आणि भीड धरायची नाही."

भीड धरणं मोडकांच्या घराण्यात नव्हतंच. श्यामकांतचे वडील मोडकमास्तर कऱ्हाडच्या शाळेचे हेडमास्तर. एस.एस.सी. बोर्डाचे भूगोलाचे मॉडरेटर म्हणून तीन जिल्ह्यांत त्यांची दहशत. मास्तरांचं गणित सोपं होतं. पस्तीसला पास. पन्नास म्हणजे मुलगा हुशार. साठ म्हणजे पहिला वर्ग, आणि तिथे देवादिकांची हद्द सुरू होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साठाच्या वर तिघांनाच दिले. त्यातला एक कलेक्टर झाला, एक सर्जन झाला, आणि तिसऱ्याच्या बेरजेत आपली चूक झाली असावी असं ते अजून म्हणत. तोंडावर कौतुक केलं की पोर बिघडतं, हा त्यांचा सिद्धान्त. तेव्हा शंभर हा आकडा उत्तरपत्रिकेत कशासाठी असतो असं कोणी विचारलं, तर ते म्हणत, "क्षितिज कशासाठी असतं?"

श्यामकांतला मार्क द्यायची दुसरी कुठली रीत ठाऊकच नव्हती. त्याने ताव घेतला, पट्टीने रकाने आखले, आणि खेळाडूंचं प्रगतिपुस्तक तयार केलं. मधल्या फळीतल्या दोघांना चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस दिले, शेरा 'हुशार, पण चंचल'. कर्णधाराला एक्कावन्न, 'वर्तणूक चांगली, दातांकडे लक्ष द्यावे'. डाव्या बाजूचा बचावपटू हान्सन म्हणून एक धिप्पाड गडी होता, तो दोनदा आपल्याच माणसाच्या अंगावर पडला होता. त्याला तेहतीस. पण दोन मार्कांसाठी कोणाला नापास करणं बरं दिसत नाही, म्हणून शेऱ्यात लिहून दोन ग्रेस मार्क दिले आणि पस्तिसावर आणून सोडला.

आणि रुडीला एकसष्ट.  एवढे मार्क आपण हयातीत कोणाला देऊ असं श्यामकांतला वाटलं नव्हतं. कोणाची पक्षपाताची शंका नको म्हणून त्याने शेरा कडक ठेवला: 'प्रगती समाधानकारक. डावीकडून हल्ला आला की आधी आपल्या बचावपटूकडे बघतो, मग चकतीकडे. लक्ष दिल्यास अजून सुधारेल.' फ्राऊ क्युपर्सना केवढा आनंद होईल या कल्पनेने त्याला त्या रात्री फार शांत झोप लागली.

मासिक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघालं. माइस्टरांनी मथळा दिला होता, 'आठ-एकच्या देशातील तज्ज्ञ आपला संघ तपासतो'. कँटीनमध्ये अंक टेबलाटेबलांवरून फिरला.

"पस्तीस," मग एकाने विचारलं, "कशापैकी?"

"शंभरापैकी," श्यामकांत म्हणाला.

माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि मग हळूहळू सगळ्या टेबलांवरून माना डोलल्या. आठ गोल मारणाऱ्यांची नजर ही अशीच असणार. मासिकाला बारा वर्षांत कोणी पत्र लिहिलं नव्हतं, त्या आठवड्यात एकोणीस आली. सतरा शिव्या देणारी होती, म्हणून माइस्टर फार खुशीत होते.

घरी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर मासिक उघडं पडलेलं, शेजारी फ्राऊ क्युपर्स चष्मा लावून ताठ बसलेल्या.

"एकसष्ट, हेर मोडक," त्या म्हणाल्या.

"या," श्यामकांत लाजून म्हणाला. त्याला वाटलं आभार मानताहेत.

"शंभरातले एकोणचाळीस नाहीत. म्हणजे माझा रुडी एकोणचाळीस टक्के वाईट आहे."

"नाही, नाही, सगळ्या संघात तो पहिला आला."

"आंधळ्यांच्या रांगेत पहिला," बाई म्हणाल्या, आणि मासिकाची नीट घडी करून उठल्या. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. त्यापेक्षा त्यांनी चार भांडी फोडली असती तर परवडलं असतं. रविवारी दाराशी येणारा केकचा तुकडा बंद झाला. शनिवारची फोडणी चालू राहिली, पण बारा वाजता त्या घड्याळ हातात घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. आणि कॉफीच्या डब्याखालचा तो दाखला तसाच कोरा पडून राहिला. दोनदा श्यामकांतने हळूच विषय काढला. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "मी विचार करते आहे. काळजीपूर्वक. तुमच्यासारखा."

इकडे सुलेखाचं पत्र आलं. 'अहो, मी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. सासूबाई म्हणतात तिकडे गोडा मसाला न्यावा की नाही ते विचार. आणि खोलीला खिडकी कोणत्या दिशेला आहे ते कळवा.' पत्र वाचून श्यामकांतला रडूच यायचं बाकी राहिलं. खोलीच जायची वेळ आली होती, तिथे खिडकीची दिशा कुठली कळवणार?

मुदत थोडी वाढवून मिळते का हे बघायला तो परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या साहेबांनी कागद पाहिला, नाव पाहिलं, आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मोडक? हॉकीचे तज्ज्ञ?"

कीर्ती इतकी दूर पोचलेली पाहून श्यामकांत क्षणभर सुखावला.

"हान्सन माझा मेहुणा," साहेब म्हणाले. "ते दोन मार्क कशाचे दिलेत?"

"उंचीचे," श्यामकांत म्हणाला. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त नियमांचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मुदत अठ्ठावीसचीच. दाखला दोन प्रतींत. आणि खोलीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत.

आता सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर हेर ब्रुग्गेमान राहत. ते चाळीस वर्षं पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि रजिस्टर पत्राने सुटणार नाही असा प्रश्न त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "तोंडी माफीला काही किंमत नाही," ते जिन्यात म्हणाले. "लेखी द्या, रजिस्टर करा. माणसावर दडपण येतं."

"पण त्या माझ्या समोरच्याच खोलीत राहतात."

"गेनाऊ. म्हणूनच पोस्टातून यायला हवं."

श्यामकांतने दोन पानी माफीपत्र लिहिलं, पोस्टात जाऊन रजिस्टर केलं आणि ज्या घरातून निघाला होता त्याच घराच्या पत्त्यावर धाडलं. पोस्टमन आला तेव्हा फ्राऊ क्युपर्स बाजारात गेल्या होत्या आणि घरात एकटा श्यामकांत होता. पत्र पाठवणारा मीच, ते माझ्याच हातात दे, असं तो परोपरीने सांगत होता. पोस्टमन म्हणाला, ज्याने पाठवलं त्यालाच परत देणं हा तर फारच मोठा घोटाळा होईल. चिठ्ठी दारात अडकवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा घेऊन फ्राऊ क्युपर्स निसरड्या रस्त्याने पोस्टात गेल्या, पाऊण तास रांगेत उभ्या राहिल्या, काय आलं असेल या धास्तीने अर्ध्या झाल्या, आणि लिफाफा फोडून पाहतात तो पहिली ओळ, 'आपणास झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' त्या दिवशी त्या श्यामकांतशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मग आखेनहून श्यामकांतचा मित्र दिनकर आला. दिनकर तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कंपनांवर डॉक्टरेट करत होता आणि जगातली कुठलीही भानगड ग्राफवर काढली की मिटते अशी त्याची समजूत होती.

"अरे, साधी स्केल बदलायची गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुझ्या बाबांचे एकसष्ट म्हणजे इथले किती ते काढून देतो. सायंटिफिकली पटवून द्यायचं. बाई आहे, पण जर्मन आहे."

त्याने खरोखरच ग्राफपेपर टेबलावर पसरला आणि फ्राऊ क्युपर्सना वीस मिनिटं समजावलं. रेघ वर चढत गेली आणि कऱ्हाडचे एकसष्ट ड्युसेलडॉर्फच्या चौऱ्याण्णवांना जाऊन मिळाले.

"आल्झो," बाई म्हणाल्या. "मग यांनी चौऱ्याण्णवच का नाही लिहिलं?"

"कारण आमच्याकडे चौऱ्याण्णव कोणालाच देत नाहीत."

"म्हणजे तुमच्या देशात कोणीच चांगलं नाही?"

दिनकरने ग्राफपेपरची घडी घातली. या प्रश्नाला त्यावर बिंदू नव्हता. त्याने बशीतली उरलेली बिस्किटं संपवली आणि आखेनची आधीची गाडी पकडली.

राहता राहिला सरळ मार्ग, तो म्हणजे पुढच्या अंकात दुरुस्ती. श्यामकांतने रात्रभर मनाची तयारी केली आणि सकाळी माइस्टरांसमोर उभा राहिला. "रुडीचे नव्वद करून टाका."

"एकही मार्क बदलायचा नाही," माइस्टर म्हणाले. "तज्ज्ञ माघार घेत नसतो. आणि तुम्हाला तरी ते नव्वद वाटतात का?"

 श्यामकांतला बायकोची बोट समोर दिसत होती, कोरा दाखला दिसत होता. नुसतं 'या' म्हणायचं होतं, आणि उभा महिना तो नको तिथे 'या' म्हणत आला होता. पण नव्वद म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे वडील आले, लाल पेन टोपण लावून खाली ठेवणारे. "नाही," तो म्हणाला. "एकसष्टच." आणि स्वतःच्या या प्रामाणिकपणाचा त्याला इतका संताप आला, की त्या दिवशी त्याने तिसरा शाफ्ट वाकडा कातला.

चोवीस फेब्रुवारी, रविवार. मुदतीला चार दिवस उरलेले. सकाळपासून घरात केकचा वास सुटला होता, पण तो आपल्यासाठी नाही हे जाणून श्यामकांत खोलीची फूटपट्टीने मोजमापं घेत बसला होता. निदान क्षेत्रफळ तरी तयार असावं. दारावर टकटक झाली. दारात दाराएवढाच एक तरुण उभा. हनुवटीवर टाके, हातात कारखान्याचं मासिक.

"मी रुडी," तो म्हणाला. "मावशीकडे कॉफीला आलोय. तुम्हीही या. मला बोलायचंय."

श्यामकांतने कानटोपी काढली, का कोण जाणे पुन्हा घातली, आणि त्याच्यामागून गेला. फ्राऊ क्युपर्स किटलीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. रुडीने मासिक टेबलावर ठेवून एकसष्टावर बोट टेकवलं.

"एकोणचाळीस कशाचे कापलेत, ते सांगा."

श्यामकांतने एकदा बाईंच्या पाठीकडे पाहिलं, एकदा कॉफीच्या डब्याकडे पाहिलं, आणि आता काय व्हायचं ते होवो असं ठरवलं.

"हेर रुडी, आधी एक सांगतो. मी हॉकीतला तज्ज्ञ नाही. मी हॉकी कधी खेळलोच नाही. त्या दिवशी मला चकतीसुद्धा दिसत नव्हती."

किटलीचा आवाज थांबला.

"मग तुम्ही बघत काय होतात?"

"तुम्हाला. पूर्ण वेळ. तेवढे एकटेच नीट दिसत होतात. बाकीच्यांचे मार्क मी माणसं कशी पडतात त्यावरून दिले, ते खोटेच समजा. पण तुमचे खरे आहेत. डावीकडून कोणी आलं की तुमची मान आधी तुमच्या बचावपटूकडे वळायची. चारही वेळा. आणि चारही वेळा त्यानंतर लोक ओरडले."

 रुडी खुर्चीत मागे टेकला आणि मोठ्याने हसायला लागला. "कारण तिथे तुमचे ते पस्तीसवाले उभे असतात," तो म्हणाला. "हान्सन. मला त्याचा भरवसाच वाटत नाही. मावशी, ऐकलंस? सामना झाल्यावर सगळे माझ्या पाठीवर थापा मारून गेले. पहिलाच सामना, छान खेळलास, फारच छान. चार गोल खाल्ले मी आणि म्हणे छान. या एका माणसाने बघितलं. मी गेले तीन आठवडे मान न वळवण्याचाच सराव करतोय."

"पण एकसष्ट," फ्राऊ क्युपर्स वळून म्हणाल्या. राग ओसरला होता, दुखणं तसंच होतं. "एवढं बघितलं, एवढं कळलं, तर त्या पोराला चार मार्क जास्त द्यायला तुमचं काय जात होतं?"

 श्यामकांत म्हणाला, "आमच्याकडे तेवढेच देतात. मी वडिलांच्याच शाळेत होतो. भूगोल तेच शिकवायचे. रात्रंदिवस अभ्यास करून मी वर्गात पहिला आलो, तेव्हा त्यांनी मला चोपन्न दिले."

"चोपन्न." बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. "स्वतःच्या मुलाला. आणि मग घरी काय म्हणाले?"

"म्हणाले, नद्यांची पुन्हा उजळणी कर."

"तुम्ही काय केलंत?"

"नमस्कार केला आणि उजळणी केली." श्यामकांतने कानटोपी सारखी केली. "ते आठ दिवस नकाशा बगलेत घेऊन गावभर सांगत हिंडले, पोराला चोपन्न पडले म्हणून. मला हे नंतर आईने सांगितलं. मला एकसष्ट कधीच पडले नाहीत, फ्राऊ क्युपर्स. ते मी रुडीला दिले."

 रुडी केककडे बघत बसला. फ्राऊ क्युपर्स श्यामकांतच्या कानटोपीकडे, मग मोजमापं लिहिलेल्या त्याच्या शाईच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ड्रॉवर उघडून चांगलं पेन काढलं, कॉफीच्या डब्याखालचा कागद ओढला, आणि पुरं नाव, मधलं नाव आणि माहेरचं नाव लिहून सही केली. श्यामकांतने आणून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरही केली.

"क्षेत्रफळ किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"सोळा पूर्णांक बेचाळीस."

"बेचाळीस नाही, सेहेचाळीस. कपाटामागची जागा तुम्ही धरली नसणार," बाई म्हणाल्या आणि केकचा पहिला तुकडा त्याच्या बशीत वाढला. श्यामकांतला इतकं हलकं वाटलं, की तो तुकडा त्याने दोन घासांत संपवला आणि चवीकडे लक्षच गेलं नाही.

सुलेखा मार्चच्या शेवटच्या रविवारी येऊन पोचली. तीन आठवड्यांच्या प्रवासाने दमलेली, नऊवारीवर श्यामकांतचा कोट, आणि गोड्या मसाल्याचा डबा पोटाशी धरलेला. स्टेशनवर दीड वर्षाने नवरा दिसल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "किती वाळलात." फ्राऊ क्युपर्सनी टेबलावर नवी चादर घातली होती आणि पहाटे उठून सफरचंदाचा केक केला होता. हेर ब्रुग्गेमान जिन्यात उगाच वरखाली करत होते. सुलेखाला टेबलाशी बसवून बाईंनी तुकडा पुढे केला आणि दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून समोर उभ्या राहिल्या.

सुलेखाने घास घेतला. चावला. थोडा विचार केला. ती पुण्याची होती आणि सासर मोडकांचं होतं.

"बरा आहे," ती म्हणाली.

"फ्राऊ क्युपर्स," श्यामकांत घाईघाईने जर्मनमध्ये म्हणाला, "ती म्हणते, की इतका उत्कृष्ट केक तिने जन्मात खाल्ला नाही, आणि तुमच्या हाताला फार गोडी आहे, आणि या घरात पाऊल ठेवल्याबरोबर तिला माहेरी आल्यासारखं वाटलं."

फ्राऊ क्युपर्सनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "हेर मोडक, त्या दोन शब्द बोलल्या."

श्यामकांतने मान खाली घातली.

"मला मार्क सांगा. तुमच्याकडचे."

त्याने सुलेखाला विचारलं. सुलेखाने आणखी एक छोटा घास घेऊन खात्री केली, आणि म्हणाली, "बावन्न. साखर जरा पुढे आहे."

फ्राऊ क्युपर्सनी आकडा ऐकला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, डोळे भरून आले, आणि एप्रन अंगावर तसाच ठेवून त्या दार उघडून जिन्यात गेल्या.

"हेर ब्रुग्गेमान," त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला, "बावन्न. पहिल्याच दिवशी."